आरशासमोरचा बिनपगारी तास

पुण्यात बाणेर-हिंजवडीकडे तीन-चार मुली मिळून भाड्याचा फ्लॅट घेतात. तिथल्या बाथरूममधली फळी पाहण्यासारखी असते. निळ्या बाटलीतलं खोबरेल, आईनं गावाहून पाठवलेली शिकेकाईची पूड, सल्फेट नसलेला शॅम्पू, नायसिनामाइडचं सीरम, सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, कोरियन शीट मास्क, दोन सनस्क्रीन (एक संपत आलेलं, दुसरं ‘पांढरं दिसतं’ म्हणून बाजूला पडलेलं), काजळ, टिकल्यांची अर्धवट पाकिटं आणि गेल्या दिवाळीतलं उरलेलं उटणं. हे सगळं वापरायचं कधी, तर सकाळी डबा भरणं आणि कॅब येणं यांच्या मधल्या वेळात.

या फळीबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा दोनच सुरांत. एक सूर ‘हे लावा, ते लावा’चा. दुसरा ‘हा सगळा बाजाराचा डाव आहे, मनाचं सौंदर्य जपा’ असा, आणि तो लावणाऱ्यांचे स्वतःचे केस सहसा नीट रंगवलेले असतात. कामावर जाणारी मुलगी या दोन्हींत कुठेच नसते. तिला बाजार कळत नाही असं नाही. पण ‘प्रेझेंटेबल’ दिसणं हा तिच्या नोकरीचा अलिखित भाग आहे, आणि त्याचा वेळ नि खर्च तिच्याच खात्यावर पडतो. फळीवरचं काय शरीराला लागतं, काय त्याला इजा करतं आणि काय निव्वळ दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी आहे, हे वेगळं काढून पाहिलं, तर शरीराचा हिस्सा फारच लहान निघतो.

ही फळी भरत आली ती शंभरेक वर्षांत. ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली मुंबईत ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्याचं क्रीम काढलं. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाच्या जाहिरातीतली ती पहिली भारतीय नटी. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. त्याच वर्षी केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत विको काढली. पुढे तिच्या हळदीच्या क्रीमला औषध म्हणायचं की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला आणि सर्वोच्च न्यायालयात तो कंपनीच्या बाजूनं मिटला. हा वाद वाटतो तितका हास्यास्पद नाही. आपल्या घरांत या दोन गोष्टींमध्ये रेघ कधीच नव्हती. चेहऱ्याला हळद लावताना आजी कुठे ठरवत बसायची की हे औषध म्हणून की शोभा म्हणून? १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली, ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतून शॅम्पूच्या पुड्या देशभर पसरल्या आणि बाटली न परवडणाऱ्या घरातही शिकेकाई मागे पडली. २०१२ मध्ये मुंबईत प्रसाधनं ऑनलाइन विकणारी नायका सुरू झाली. त्यानंतर दुकानदाराला विचारायची गरज संपली, आणि घटकद्रव्यांची नावं कॉलेजच्या मुलींच्या तोंडी आली. हा शेवटचा बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. आधीची पिढी क्रीमचं नाव सांगायची, ही पिढी टक्केवारी सांगते.

आता केस, कारण तक्रारी तिथेच जास्त.

साताऱ्याहून, नागपुरातून, लातूरहून पुण्या-मुंबईत आलेली मुलगी चार महिन्यांत हमखास म्हणते, ‘इथलं पाणी लागलं, केस गळायला लागले.’ नव्या वस्त्यांत पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं, म्हणजे बहुतेक वेळा जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, केस राठ होतो, गुंततो आणि तुटतो. पण तुटणं आणि गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंगव्यात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरट गाठ असेल तर तो मुळातून सुटलाय. नसेल तर मधेच तुटलाय. मुळातून केस सुटण्याचं कारण बहुधा नळात नसतं. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, झपाट्यानं घटवलेलं वजन, मनावरचा ताण, यांतलं काही झालं की केसांचा मोठा हिस्सा एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातो आणि दोन-तीन महिन्यांनी गळतो. शहर बदललं, मेसचं जेवण सुरू झालं, जागरणं वाढली, मधे एखादा ताप येऊन गेला. एवढं सगळं घडूनही दोष पाण्यावर जातो, कारण केस दिसतात ते अंघोळीच्या वेळी. दिवसाला ५० ते १०० केस जाणं हा निसर्गाचाच हिशेब आहे. आठवड्यातून दोनदाच धुणारीला तीन-चार दिवसांचे केस एकदम जाळीवर दिसतात आणि ती घाबरते.

गळणं सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा भांग रुंदावत चालला, तर सीरम बदलण्याआधी रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोह, थायरॉइड, पाळीची अनियमितता, हनुवटीवरचे केस: हे धागे एकत्र पाहणारा डॉक्टर हवा. बाजार मात्र याच ठिकाणी बायोटिनच्या गोड गोळ्या विकतो. बायोटिनची खरी कमतरता विरळाच असते. उलट त्याचे मोठे डोस काही रक्त तपासण्यांचे आकडे फिरवतात, थायरॉइडचेही; अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली तसा इशारा दिला होता. म्हणजे केस का गळतात हे शोधायला जावं, तर ज्या तपासणीतून ते कळायचं तीच गोळीनं बिघडवलेली असायची. तपासणीआधी ती गोळी घेत असल्याचं सांगायला बहुतेक मुली विसरतात, कारण ती औषध वाटतच नाही.

तेलाचं काय? इथे आजी निम्मी बरोबर होती. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना छापली. केसातलं प्रथिन धुऊन जाणं खोबरेलानंच लक्षणीय कमी केलं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. दोघंही मॅरिकोचे संशोधक, म्हणजे ती निळी बाटली बनवणाऱ्या कंपनीचे. हे लक्षात ठेवावं. तरी निष्कर्ष रास्त वाटतो. त्यातून निघणारा सल्ला मात्र इतकाच, की धुण्याआधी केसांच्या लांबीला तेल लावावं. तेलानं मुळातून नवे केस उगवत नाहीत. आणि कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल थापणं म्हणजे मॅलासेझिया नावाच्या बुरशीला पंगत वाढणं. ती तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते. कोंड्यासाठी औषधी शॅम्पू हवा, आणि तो लावून चार-पाच मिनिटं थांबायला हवं. सकाळच्या घाईत नेमकी तीच मिनिटं नसतात, आणि मग ‘काही उपयोग होत नाही’ म्हणून बाटली फळीवर मागे सरकते.

पार्लरमधल्या स्मूदनिंग-केराटिनबद्दल थोडं कडक बोलायला हवं. केस सरळ करणाऱ्या अनेक द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असायचं किंवा गरम इस्त्रीखाली ते तयार व्हायचं. त्यावर ओरड झाली तेव्हा ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ माल आला, आणि त्यातल्या बऱ्याच द्रावणांत ग्लायॉक्सिलिक आम्ल आलं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ साली एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापली. २०२०, २०२१ आणि २०२२, तीनही वेळा केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि उंदरांवरच्या प्रयोगात बोट त्या आम्लाकडेच गेलं. पार्लरवालीला विचारलं तर उत्तर येतं, ‘मॅडम, ऑरगॅनिक आहे.’ तसंच ‘हर्बल काळी मेंदी’चं. मेंदीचा रंग लालसर-तपकिरी. अर्ध्या तासात कुळकुळीत काळा रंग येत असेल तर त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन आहे. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांचा चेहरा, पापण्या सुजून बंद होतात. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहा, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. वाट कोण पाहतं? रंग लावायचा असतो तो उद्याच्या लग्नासाठी.

त्वचेकडे वळताना आपल्या वर्णाबद्दल एक गोष्ट समजून घेतली, की बाकी सगळं सोपं होतं. गव्हाळ-सावळ्या त्वचेला काहीही इजा झाली, पुटकुळी असो, घासणं असो, भाजणं असो की चुकीचं अ‍ॅसिड, ती इजा जाताना काळा डाग ठेवून जाते, आणि तो महिनोन् महिने राहतो. म्हणजे डाग घालवण्यासाठी केलेल्या आक्रमक उपायातून नवा डाग तयार होतो, मग त्यासाठी नवा उपाय. बाजाराला याहून सोयीचं चक्र दुसरं नाही. ‘थोडं झोंबतंय म्हणजे काम करतंय’ ही समजूत जाईल तर निम्म्या बाटल्या फळीवरून उतरतील. सकाळी सॅलिसिलिक, दुपारी व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉल, रविवारी स्क्रब असा बेत करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर शेवटी साधं पाणीसुद्धा झोंबायला लागतं. लिंबू चोळणंही यातच आलं: लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा भाजून काळे पट्टे उमटू शकतात. उटणं नरकचतुर्दशीला लावावं, सुवास घ्यावा, आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरावं.

शरीराला लागणारा हिस्सा म्हणजे सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. मुरुमं असतील तर त्यावरचं औषध, डॉक्टरांनी दिलेलं. त्यातली रेटिनॉइडं मूल होऊ देण्याच्या बेतात चालत नाहीत हे लक्षात ठेवून. एवढंच. यात सनस्क्रीनवर थांबावं लागतं, कारण पैसे तिथेच जातात आणि चुकाही तिथेच होतात. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा आणि जाहिराती मात्र आकड्यांच्या. प्रयोगशाळेत ही मोजणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून होते. आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा पावपट, आणि मग ३०चं संरक्षण ३०चं राहत नाही. चेहरा-मानेला दोन बोटांभर, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम धरलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब ४० दिवसांत संपायला हवी. जिची ट्यूब सहा महिने पुरते ती सनस्क्रीन लावत नाही, त्याचा वास घेते. वांग असलेल्यांना आणखी एक अडचण: काळेपणा दृश्य प्रकाशानंही वाढतो, तो साध्या सनस्क्रीननं अडत नाही, लोहाचे ऑक्साइड असलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन त्यासाठी बरं.

आणि पुण्याचा स्कार्फ! बाहेरगावचे लोक त्याची टिंगल करतात. टू-व्हीलरवर डोळे सोडून सगळा चेहरा सुती कापडात गुंडाळलेल्या मुली पाहून कुणाला डाकू आठवतात, कुणाला आणखी काही. पण ही युक्ती बिनतोड आहे. घट्ट विणीचं कापड ऊन अडवतं, धूर नि धूळ अडवतं, पुसलं जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही, आणि सिग्नलवर ओळखीच्या काकांनी घरी फोन करण्याची भीतीही उरत नाही. त्याचे तोटे मामुली: स्कार्फ आठवडाभर न धुता वापरला तर हनुवटीवर पुटकुळ्या येतात, आणि हेल्मेटखाली घट्ट बांधलेल्या अंबाड्यानं कपाळाजवळचे केस ओढले जातात. त्वचेच्या जाहिरातींत त्याला जागा मिळत नाही, कारण तो कोणी विकायला बसलेलं नाही.

कपाळाचं आणखी एक प्रकरण आहे, आणि ते अगदी आपलंच. बऱ्याच टिकल्यांच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं द्रव्य असतं. काहींच्या त्वचेतल्या रंगपेशी ते मारतं आणि रोज टिकली लावायच्या जागी पांढरा गोल डाग उमटतो. घरात पहिला शब्द निघतो तो ‘कोड’. मुलगी लग्नाची असेल तर पुढे काय होतं ते लिहायला नको. टिकली वेळीच थांबवली तर अनेकदा रंग परत येतो. डाग दिसत असताना त्यावर आणखी मोठी टिकली लावणं हा मात्र फार प्रचलित आणि फार वाईट उपाय आहे.

इथपर्यंतचं नुकसान भरून येण्याजोगं. यापुढचं तितकं सोपं नाही. गल्लीतल्या औषधांच्या दुकानात ‘गोरं होण्याचं’ म्हणून स्टिरॉइड मिसळलेलं मलम मिळतं. पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळतो, डाग फिके होतात. मैत्रीण विचारते, नाव कळतं, तीही आणते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, गालांवर लव येते, मुरुमं उसळतात, आणि मलम थांबवलं की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम. २०१८ साली सरकारनं ही मलमं चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम केला. तो काउंटरवर किती पाळला जातो हे कुणाही गिऱ्हाइकाला ठाऊक आहे.

त्याहून भयंकर पारा. तो त्वचेत रंग तयार करणारं विकर रोखतो, म्हणून गोरेपणा झटपट येतो. भारतीय नियमांत त्वचेच्या क्रीममध्ये तो मुद्दाम घालायला बंदी आहे, तरी बिननावाच्या, बाहेरून आलेल्या डब्यांत तो सापडतो. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत या आजाराचा एक विशिष्ट प्रकार निघाला, आणि त्या १५पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. कारण ओळखलं आणि क्रीम थांबवलं तर बरेच रुग्ण सावरतात, पण लघवीला फेस येतोय म्हणून आलेल्या मुलीला ‘चेहऱ्याला काय लावतेस?’ असं विचारायचं डॉक्टरांनाही सुचलं पाहिजे. डब्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, आणि आठ दिवसांत फरक दिसतो, या तीन खुणा एकत्र दिसल्या की डबा कचऱ्यात टाकावा.

२०२० साली ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. त्याच सुमारास शादी डॉट कॉमनं वर्णाची चाळणी काढून टाकली. चांगलं झालं. पण ‘निमगोरी’ हा शब्द अजून बायोडाट्यात आहे, आणि ‘ब्राइटनिंग’, ‘डी-टॅन’, ‘ग्लास स्किन’ या नव्या शब्दांआड जुनीच मागणी बसलेली आहे.

सगळ्या गोष्टी घरी होत नाहीत. आयब्रो, वॅक्स, क्लीनअप यांना पार्लर लागतं. बहुतेकींचं पार्लर म्हणजे सोसायटीतल्याच ताईंची एक खोली, एक खुर्ची, एक स्टीमर. आता अ‍ॅपवरून बोलावलं की बॅग घेऊन घरी येणारी मुलगीही आहे. तिला गिऱ्हाईक रेटिंग देतं, आणि तिच्या चेहऱ्याचाही त्या रेटिंगमध्ये हिशेब असतो. ही दुसरी कामकरी तरुणी या विषयावरच्या लेखांत जवळपास येतच नाही. दिवसभर दोऱ्याचं टोक दातात धरणाऱ्या, ब्लीचच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या या बायकांचे हात, मान, श्वास यांबद्दल आपल्याकडे नीट पाहणी व्हायला हवी.

आता नोकरीकडे. अमेरिकेतल्या जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर यांनी २०१६ साली दिसण्याचा नि पगाराचा संबंध तपासला. आकर्षक मानल्या गेलेल्या लोकांना जास्त पगार मिळतो हे आधीच माहीत होतं. त्यांना दिसलं ते वेगळं: स्त्रियांच्या बाबतीत हा फायदा जवळजवळ सगळा नीटनेटकं राहण्याचा, केस-कपडे-मेकअपचा होता, पुरुषांच्या बाबतीत तो त्यातून अर्धाच येत होता. तो समाज आपला नाही, आकडे जसेच्या तसे आणू नयेत. तरी मुंबईच्या कुठल्याही मॉलमधल्या काउंटरवर, हॉटेलच्या रिसेप्शनवर, विमानात उभ्या असलेल्या मुलीला विचारलं तर ती हेच सांगेल. तिथे लिपस्टिकची छटा, नखांची लांबी, अंबाड्याचा प्रकार प्रशिक्षणातच ठरवून दिलेला असतो. आयटीत असं काही लिहिलेलं नसतं, म्हणून तिथे ‘आज बरं वाटत नाहीये का?’ हा प्रश्न असतो. काजळ न लावता गेलेल्या प्रत्येकीला तो कधी ना कधी ऐकावा लागतो. पुरुष सहकाऱ्याला दाढी करायला विसरल्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा वेळ येतो कुठून? २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. लग्न झालेल्या नोकरदार मुलीचा आरशासमोरचा वेळ या २८९च्या बाहेर, झोपेतून कापलेला असतो. मग डोळ्यांखाली काळं दिसतं म्हणून आय-क्रीम येतं. उपनगरी लोकलच्या लेडीज डब्यात धावत्या गाडीत आयलायनर सरळ ओढणाऱ्या मुलींचं कौतुक करणारे लेख बरेच येतात. कौशल्य आहेच. पण ती गाडीत आयलायनर लावते, कारण घरी पोळ्या लाटत होती.

खर्चाचंही तसंच. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा केसांचं तेल, शॅम्पू, फेस पावडर आणि पार्लरची सेवा ५ टक्क्यांवर आली. सनस्क्रीन १८ टक्क्यांवरच राहिलं. ज्या मुली कंपनीनं ठरवलेल्या छटेची लिपस्टिक लावून आठ-नऊ तास उभ्या राहतात, त्यांना गणवेश मिळतो, काही ठिकाणी तो धुण्याचा भत्ताही मिळतो. लिपस्टिक, फाउंडेशन, ते उतरवायचं क्लेन्झर आणि रोज ते चढवायला लागणारा वेळ त्या हिशेबात धरत नाहीत. कामगार संघटनांच्या मागण्यांच्या यादीत ही बाब टाकायला सुरुवात करायला हरकत नाही. व्यवस्थापनाला ती फालतू वाटेलच, पण छटा ठरवणारं परिपत्रक त्यांनीच काढलेलं असतं.